लपविलेल्या दुखण्याचा इतिहास

सोलापूर शहर मागे टाकून विजापूरच्या, म्हणजे आजच्या विजयपुराच्या, दिशेने निघाले की वीस-पंचवीस किलोमीटरांवर मंद्रूप लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे मोठे गाव. सभोवती काळी माती आणि ज्वारीची शेते, बाजारात मराठीच्या जोडीला सहज कानी पडणारी कानडी, आणि गावाजवळून अहोरात्र धावणारा राष्ट्रीय महामार्ग. आणखी पुढे भीमा नदीचा पूल ओलांडला की कर्नाटक सुरू होते. या रस्त्याने धान्य, कांदा, सिमेंट आणि माणसे जातात. माणसांबरोबर त्यांची दुखणीही जातात.

काही काळापूर्वी या गावात तरुणांच्या एका मेळाव्यात बोलण्याचा योग आम्हास आला. विषय होता ‘तारुण्य आणि जबाबदारी’. शाळेची एक खोली, चाळीसएक मुले. बहुतेक अठरा ते पंचविशीतली. कोणी ट्रॅक्टर चालवणारा, कोणी सोलापुरात कामाला जाणारा, कोणी महाविद्यालयात शिकणारा. भाषण संपल्यावर आम्ही प्रश्न विचारण्यास सांगितले. कोणी उठले नाही. मग नावे न घालता चिठ्ठ्या लिहून द्याव्यात असे सुचविले. आलेल्या सात-आठ चिठ्ठ्यांपैकी एकीवर दोनच ओळी होत्या: ‘एकदा चूक झाली. त्रास काही नाही. तरी तपासावे काय? आणि तपासले तर गावात कळेल काय?’

आम्ही त्या चिठ्ठीला उत्तर दिले. पण ते उत्तर कसले होते? ते प्रवचन होते. चूक, पश्चात्ताप आणि नवा निश्चय यांवर आम्ही दहा मिनिटे बोललो. तपासावे किंवा कसे, कोठे तपासावे, आणि गावात कळेल की नाही, याविषयी एक शब्दही आमच्या तोंडून निघाला नाही. परतीच्या वाटेवर ती चिठ्ठी खिशात होती आणि मन अस्वस्थ होते. सेमिनरीत आम्हास सहावी आज्ञा बारकाव्यांनिशी शिकविली गेली; त्या आज्ञेच्या भंगातून जडणाऱ्या रोगांची नावे मात्र कोणी शिकविली नाहीत आणि आम्हीही ती कधी विचारली नाहीत. तेव्हापासून या विषयाचे जे वाचन आम्ही केले, त्याचे सार या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहोत. चिठ्ठीतला दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा होता, असे हे वाचन करताना आमच्या ध्यानी आले. ‘गावात कळेल काय?’ या एका भीतीचाच हा इतिहास आहे.

दुसऱ्याच्या नावाचा रोग

पंधराव्या शतकाच्या अखेरीस, 1495 च्या सुमारास, इटलीतील नेपल्सच्या वेढ्यानंतर युरोपात एका भयंकर रोगाची साथ पसरली. अंगावर व्रण उठत, हाडे ठणकत आणि शरीर सडत जाई. हा रोग कोणाचा? फ्रेंच त्यास नेपल्सचा रोग म्हणत, तर इटालियन त्यास फ्रेंचांचा रोग म्हणत. प्रत्येक राष्ट्राने तो शेजाऱ्याच्या नावे जमा केला. 1530 मध्ये फ्राकास्टोरो या इटालियन वैद्याने त्यावर लॅटिन काव्य रचले. त्यातील मेंढपाळाच्या नावावरून ‘सिफिलिस’ हा शब्द रूढ झाला.

वास्को-द-गामा 1498 मध्ये भारताच्या किनाऱ्यास लागला. त्यानंतर थोड्याच वर्षांत हा रोग आपल्याकडे दिसू लागला. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात त्याचे नाव ‘फिरंग’ असे आले आहे. फिरंग्यांच्या संसर्गाने होणारा म्हणून फिरंगरोग. त्यावर रसकर्पूर, म्हणजे पाऱ्याचे एक रसायन, आणि चोपचिनी ही औषधे सांगितली आहेत. याच चोपचिनीची चर्चा गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या, 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथातही आढळते. ‘फिरंगी’ ही उपाधी आपल्या समाजालाही कधीकाळी चिकटविली गेली होती. तेव्हा या नामकरणातील बोच आपणांस अधिक कळावी. मराठी बोलीत या रोगास ‘गरमी’ म्हणतात, आणि लघवीतून पू जाण्याच्या दुसऱ्या रोगास ‘परमा’. वैद्यकीय मराठीत पहिल्यास उपदंश म्हणतात, तर दुसरा गोनोरिया.

या नामकरणात एक धडा आहे. लैंगिक संबंधांतून पसरणारा रोग हा नेहमी ‘त्यांचा’ असतो. परक्याचा, खालच्याचा, वाईट चालीच्या बाईचा. ‘आमचा’ तो कधीच नसतो. हा समज ज्याच्या मनात पक्का बसला आहे, तो तरुण स्वतःस सुरक्षित मानतो, कारण तो ‘तसा’ नाही आणि जिच्याशी त्याचा संबंध आला तीही ‘तशी’ नव्हती. जंतू मात्र कुळ, जात, धर्म, राष्ट्र यांपैकी काहीही विचारीत नाही.

1868 चा कायदा

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारला या रोगांची चिंता वाटू लागली ती गोऱ्या सैनिकांमुळे. छावण्यांतील शिपाई मोठ्या संख्येने परमा व गरमीने इस्पितळात पडत. सोलापुरातही इंग्रजी अमदानीत छावणी होती. सदर बझार हे नाव तिची आठवण आजही देते. 1864 च्या छावणी कायद्याने आणि मग 1868 च्या सांसर्गिक रोग कायद्याने सरकारने यावर उपाय योजला. तो असा: वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी सरकारात नाव नोंदवावे, ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या बंदिस्त इस्पितळात राहावे. नोंदणी चुकविणारीस शिक्षा.

आणि पुरुष? त्याच्या सक्तीच्या तपासणीची तरतूद या कायद्यात नव्हती. रोग देण्याघेण्यास दोन माणसे लागतात, ही साधी गोष्ट कायदा करणाऱ्यांस ठाऊक नव्हती असे नव्हे. परंतु पकडून आणावयाची ती स्त्रीच, असा त्यांचा हिशेब होता. येथे योहानाच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. व्यभिचार करताना धरली म्हणून एका स्त्रीस येशूपुढे उभे केले गेले. तिच्याबरोबरचा पुरुष कोठे होता, हे कोणी विचारले नाही. 1868 चे विधिमंडळ त्या जमावाहून फार पुढे गेलेले नव्हते.

कायद्याचा परिणाम काय झाला? मुंबईत तो 1870 मध्ये अमलात आला, खर्च कोणी सोसावा या वादात 1872 मध्ये थांबला, आणि पुढे 1880 च्या दशकात पुन्हा चालू झाला. बहुसंख्य स्त्रियांनी नोंदणी टाळली. पोलिसांच्या भीतीने कित्येकींनी वस्ती बदलली, आजारी असलेल्या लपून राहिल्या. लपलेली रोगी स्त्री उपचाराविना राहिली आणि तिच्याकडे येणाऱ्या पुरुषांना रोग पूर्वीसारखाच मिळत राहिला. ज्या रोगाला धरावयाचे, तोच कायद्याने दृष्टीआड केला.

या व्यवस्थेविरुद्ध इंग्लंडमध्ये उभी राहिली ती एक श्रद्धावान ख्रिस्ती स्त्री, जोसेफिन बटलर. अँग्लिकन धर्मगुरूची ही पत्नी 1869 पासून सभांतून बोलू लागली, तेव्हा सभ्य समाजाने तिच्यावर चिखलफेक केली. हा विषय कुलीन स्त्रीने उच्चारावा कसा, असा आक्षेप होता. पुरुषाच्या पापाची शिक्षा एकट्या स्त्रीच्या शरीरावर का, हा तिचा सवाल होता. इंग्लंडमधील कायदे 1886 मध्ये रद्द झाले, भारतातील कायदा 1888 मध्ये. छावण्यांच्या नियमांआडून तपासण्या मात्र पुढेही चालू राहिल्या. 1891-92 मध्ये केट बुशनेल व एलिझाबेथ अँड्र्यू या दोन अमेरिकन ख्रिस्ती स्त्रियांनी भारतातील छावण्या हिंडून हे उघडकीस आणले.

औषध आले, लाज राहिली

विसाव्या शतकाने या रोगांचे रहस्य उलगडले. परम्याचा जंतू नाइसर याने 1879 मध्येच शोधला होता. उपदंशाचा जंतू शाउडिन व हॉफमन यांना 1905 मध्ये दिसला. दुसऱ्याच वर्षी वासरमन याने रक्ताची चाचणी शोधून काढली. 1910 मध्ये पॉल एर्लिश आणि त्यांचे जपानी सहकारी हाता यांनी सिद्ध केलेले ‘साल्व्हर्सान’ बाजारात आले. पाऱ्याने दात पाडणाऱ्या चार शतकांच्या उपचारानंतर मिळालेले हे पहिले खरे औषध. पुढे 1928 मध्ये फ्लेमिंग यांनी पेनिसिलिन शोधले आणि 1943 मध्ये माहोनी या अमेरिकन वैद्याने त्याने उपदंश बरा होतो हे दाखविले. आपल्या महाराष्ट्रात पिंपरीस 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला तो प्रामुख्याने पेनिसिलिनसाठी, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने. ज्या रोगाने राजेरजवाडे सडून मेले, तो आता सुईच्या टोकावर बरा होऊ लागला.

मग रोग नाहीसा का झाला नाही? सुई घेण्यासाठी डॉक्टरच्या दारात जावे लागते, आणि त्या दारापाशी कोणी ओळखीचे उभे असेल ही भीती पेनिसिलिनने बरी होत नाही, हे त्याचे कारण. या भीतीवर पोट भरणारा एक मोठा धंदा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. रेल्वेने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने रुळांकाठच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ हा ठळक शब्द वाचला आहे. यात्रेत, बाजारात, बसस्थानकाजवळ तंबू ठोकून बसलेले ‘तज्ज्ञ’ तरुणांना ‘धातू जाते’ म्हणून घाबरवितात. जो रोग नाही त्याचे औषध देऊन पैसे उकळतात, आणि जो खरा रोग आहे तो तसाच ठेवतात. कोणी औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या घेतो, जळजळ थांबली की उरलेल्या फेकून देतो. अशा अर्धवट उपचारांनी गोनोरियाचा जंतू इतका निर्ढावला आहे की त्यावरील कित्येक औषधे जगभर निकामी ठरली आहेत.

लाजेची ही भिंत फोडावयाचा जो प्रयत्न मराठीत झाला, त्याचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. जरी त्या लेखकाशी आपला पटण्याजोगा संबंध नसला तरी. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र, गणिताचे प्राध्यापक, मुंबईच्या विल्सन या मिशनरी महाविद्यालयात शिकविणारे. 1921 मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. आपल्या मतांपायी 1925 मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी सुरू केले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले. 1931 मध्ये आणि पुन्हा 1934 मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना दंड झाला. दुसऱ्या खटल्यात त्यांची बाजू मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हा त्यात अपराध ठरला होता.

कर्वे निरीश्वरवादी होते. विवाह, ब्रह्मचर्य, संतती यांविषयीची त्यांची मते आणि ख्रिस्तसभेची शिकवण यांत मेळ बसणे शक्य नाही, आणि तो बसविण्याचा आमचा यत्नही नाही. परंतु एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. नाव लपवून विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिले, आणि त्यासाठी दंड भरला. मंद्रूपच्या चिठ्ठीला आम्ही सरळ उत्तर दिले नाही, आणि आम्हास टाळ्या मिळाल्या.

पर्र्याचा डोमिनिक

1981 मध्ये अमेरिकेत एड्सची पहिली नोंद झाली. 1986 मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या चमूने भारतातील पहिले एच.आय.व्ही. बाधित रक्तनमुने शोधले. पुन्हा तोच खेळ सुरू झाला. रोग परक्यांचा, वाईट चालीच्यांचा, आमचा नव्हे. गोवा शासनाने आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बाधित व्यक्तीस सक्तीने अलग ठेवण्याची तरतूद केली. 1868 चे लॉक हॉस्पिटल शंभर वर्षांनी परत आले.

गोव्यातील बार्देश तालुक्यात पर्रा नावाचे गाव आहे. तेथील डोमिनिक डिसोझा हा कॅथलिक तरुण स्वेच्छेने रक्तदान करीत असे. फेब्रुवारी 1989 मध्ये त्यास पोलिसांनी बोलावून घेतले. कारण त्यास सांगण्यात आले नाही. आपल्या रक्तात एच.आय.व्ही. आहे हे त्यास अशा रीतीने कळले, आणि मग एका जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत पहाऱ्यात त्यास चौसष्ट दिवस कोंडून ठेवण्यात आले. त्याने गुन्हा केला नव्हता. त्याने रक्त दिले होते. त्याची आई लुसी हिने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. अॅड. आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. डोमिनिक सुटला, परंतु तो कायदा घटनाबाह्य आहे हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. नोकरी गेली. तरीही हा तरुण स्वतःचे नाव व चेहरा घेऊन लोकांपुढे बोलत राहिला. 1992 मध्ये त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो मुंबईत वारला.

डोमिनिकला कोंडल्याने गोव्यात एक तरी संसर्ग टळला असेल काय? उलट, रक्त तपासणे म्हणजे पोलिसांच्या हाती सापडणे, एवढाच बोध त्यावरून इतर तरुणांनी घेतला असणार. ‘गावात कळेल काय?’ या प्रश्नाचे उत्तर पर्र्यात ‘होय, सगळ्या जगाला कळेल’ असे मिळाले होते. ज्याला असे उत्तर मिळते, तो तपासणीस जात नाही.

याच काळात शिकागो-न्यूयॉर्कची वार्ता आपल्या दाराशी आली होती. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांचा सीमाभाग, म्हणजे सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, विजापूर, बागलकोट हा टापू, 1990 च्या दशकात देशातील अधिक संसर्गाचा पट्टा म्हणून ओळखला जाऊ लागला. महामार्ग, ट्रकवाहतूक, कामासाठी मुंबई-पुण्यास जाणारे एकटे पुरुष, आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची देवदासी प्रथा, या साऱ्यांचा त्यात वाटा होता. प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्याने 1934 मध्ये व कर्नाटकाने 1982 मध्ये कायदा केला होता; परंतु दारिद्र्य कायदा वाचीत नाही. ज्या रस्त्यावर मंद्रूप उभे आहे, तो याच पट्ट्यातून जातो.

आणि पुन्हा एकदा उत्तर मिळाले ते कोंडण्यातून नव्हे. सांगलीत 1992 पासून मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाच आपल्या आरोग्याच्या रक्षक बनविले. 1868 मध्ये ज्यांना पोलीस धरून आणीत, त्यांच्याच वारस स्त्रिया आता एकमेकींना आणि येणाऱ्या पुरुषांना शिकवू लागल्या. पंढरपुरात मंगलताई शहा यांनी 2001 मध्ये ‘पालवी’ सुरू केली. आईबाप गेलेली, नातलगांनी टाकलेली एच.आय.व्ही. बाधित मुले तेथे वाढली. 1985 च्या नाताळाच्या पूर्वसंध्येला मदर तेरेसांनी न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या रुग्णांसाठी जे घर उघडले, त्याच जातीचे हे काम चंद्रभागेच्या तीरी झाले.

कायदाही हळूहळू शिकला. एच.आय.व्ही. असल्याच्या कारणावरून कामावरून दूर केलेल्या एका मजुरास मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये न्याय दिला, आणि त्याचे नाव न उघडता खटला चालविण्याची मुभाही दिली. 1 एप्रिल 2004 पासून शासनाने मोफत औषधोपचार सुरू केला. 2017 च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, संमतीवाचून चाचणी करण्यास आणि रुग्णाची माहिती उघड करण्यास मनाई केली; नोकरीत, शाळेत, इस्पितळात भेदभाव करण्यासही. डोमिनिकच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हे घडले.

घरातली स्त्री

पुरुषाने लपविलेला रोग शेवटी कोठे जाऊन पोहोचतो, हे डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दाखविले. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत त्यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली. त्यांतील 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा जननेंद्रियांचे विकार आढळले, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम 8 टक्के होत्या. 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय पत्रिकेत हे प्रसिद्ध झाले तेव्हा जग थक्क झाले. हे सारेच विकार नवऱ्याकडून आलेले होते असे नव्हे. परंतु सोसणे आणि न बोलणे यांची मोजदाद प्रथमच झाली. परम्याने पुरुषास जळजळ होते, म्हणून तो निदान कोठेतरी धावतो. स्त्रीस पुष्कळदा काहीच जाणवत नाही. आतल्या आत गर्भनलिका बंद होतात आणि पुढे ‘वांझ’ हा शिक्का तिच्याच कपाळी बसतो. उपदंश गर्भातील बाळासही गाठतो. एच.पी.व्ही. या विषाणूपासून होणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग हाही त्याच वाटेने येतो. म्हणून ‘त्रास काही नाही’ हे वाक्य तरुणाने स्वतःपुरते म्हणावयाचे नसते.

चिठ्ठीचे उत्तर

आता त्या चिठ्ठीस, उशिरा का होईना, उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

तपासावे काय? होय, अवश्य. उपदंशाचा पहिला व्रण दुखत नाही आणि औषधावाचून आपोआप भरून येतो. रोग मात्र आत राहतो आणि वर्षांनंतर हृदय वा मेंदूवर उठतो. एच.आय.व्ही. अनेक वर्षे कोणतेही लक्षण न दाखविता शरीरात राहू शकतो. क्लॅमिडिया, हिपॅटायटिस बी यांचेही तसेच. अंगकाठी, स्वच्छता, शिक्षण किंवा घराणे पाहून कोणास रोग आहे हे ओळखता येत नाही. संसर्गानंतर काही आठवडे चाचणीत तो दिसत नाही, म्हणून पहिली चाचणी निर्दोष आली तरी डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारणतः तीन महिन्यांनी, ती पुन्हा करावी. संबंध नुकताच घडला असेल, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे, एच.आय.व्ही. रोखणारी औषधे त्या मुदतीतच उपयोगी पडतात आणि जितकी लवकर घ्यावी तितकी बरी.

कोठे तपासावे? सरकारी रुग्णालयांत एच.आय.व्ही.ची चाचणी व समुपदेशन विनामूल्य मिळते. लैंगिक रोगांसाठी तेथे ‘सुरक्षा क्लिनिक’ चालतात. मंद्रूपच्या तरुणास सोलापूरचे शासकीय रुग्णालय दूर नाही. 1097 या क्रमांकावर नाव न सांगता मोफत माहिती विचारता येते. तंबूतल्या तज्ज्ञाकडे जाऊ नये. औषध मधेच सोडू नये, जोडीदारानेही उपचार घ्यावा, आणि पुरते बरे होईतो संबंध टाळावा. एच.आय.व्ही. निघाला तरी आयुष्य संपत नाही: नियमित औषधाने रक्तातील विषाणू न मोजता येण्याइतका कमी झाला व तसाच राहिला, तर तो शरीरसंबंधातून दुसऱ्यास जात नाही, हे आता सिद्ध झाले आहे. हस्तांदोलन, एका ताटात जेवणे, डास चावणे यांनी तर तो मुळीच होत नाही.

टाळावे कसे? ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांस ठाऊक आहे: विवाहापूर्वी संयम, विवाहानंतर परस्परनिष्ठा. रोगाच्या दृष्टीनेही याहून भक्कम तटबंदी नाही, अट एवढीच की ती दोघांनीही पाळावी. परंतु सत्य सांगताना अर्धेच सांगणे आम्हास शोभत नाही. शासनाने 1968 मध्ये पंधरा पैशांना तीन अशा दराने ‘निरोध’ बाजारात आणला तो कुटुंबनियोजनासाठी. प्रत्येक वेळी व नीट वापरला असता तो एच.आय.व्ही. आणि इतर बहुतेक लैंगिक संसर्गांचा धोका पुष्कळ कमी करतो, ही वैद्यकीय वस्तुस्थिती आहे. नागीण, चामखीळ असे त्वचेच्या स्पर्शाने पसरणारे काही संसर्ग त्याने पुरते थांबत नाहीत, हीही वस्तुस्थितीच. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2010 मधील एका प्रकाशित मुलाखतीत, हा खरा नैतिक उपाय नव्हे असे सांगतानाच, काही प्रसंगी दुसऱ्यास संसर्ग न देण्याचा हेतू हे जबाबदारीच्या दिशेने पहिले पाऊल असू शकते, असे म्हटले होते. शिकवण मोडलेल्या माणसाने दुसऱ्याचा जीवही धोक्यात घालावा, असे कोणतीही शिकवण सांगत नाही. हिपॅटायटिस बी आणि एच.पी.व्ही. यांवर लस आहे. तिची चौकशी डॉक्टरांकडे करावी. वापरलेली सुई अंगास लावून घेऊ नये.

आणि गावात कळेल काय? कायदा म्हणतो, कळता कामा नये. एच.आय.व्ही.ची चाचणी करणाऱ्याने तोंड बंद ठेवणे ही त्याची मेहेरबानी नव्हे, बंधन आहे. परंतु कायद्याच्या पलीकडे गाव नावाची एक गोष्ट असते, आणि तिचे उत्तर कायदा देऊ शकत नाही. ते आपण द्यावयाचे आहे. आपल्या धर्मग्रामात, तरुण मंडळात, घरात एखाद्याविषयी अशी कुजबुज आली असता आपण ती पुढे नेतो की तेथेच थांबवितो, यावर कोठल्या तरी मंद्रूपमधला एखादा मुलगा सोलापूरची बस धरील की नाही हे ठरते. कबुलीजबाबाच्या गुप्ततेची शपथ आम्ही धर्मगुरूंनी घेतली आहे. तिच्यातला थोडासा अंश प्रत्येक शेजाऱ्याने पत्करावा, इतकीच विनंती.

ती चिठ्ठी आम्ही जपून ठेविली होती. हा लेख लिहून झाल्यावर ती फाडून टाकली, कारण अक्षरावरूनही माणूस ओळखता येतो. मंद्रूपला पुन्हा जाण्याचे ठरले आहे. या खेपेस सोबत सोलापूरचे एक डॉक्टर येणार आहेत. आणि प्रवचन आम्ही शेवटी ठेवणार आहोत.